बाण किती थाऊ वाकतो

२०२४ च्या दिवाळीत मी धनुर्विद्या शिकणाऱ्या माझ्या पोरीसाठी, तायडीसाठी, एक डझन कार्बनचे शाफ्ट, म्हणजे बाणांच्या काड्या, आणले आणि पुढचे दोन महिने तिचा नेम बिघडवून ठेवला. पोरगी काही बोलली नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून ती रोज शंभर-सव्वाशे बाण सोडत राहिली, बोटांना फोड आले तरी सोडत राहिली. चूक तिची नव्हती. ज्या बाणाला वाकायला हवं होतं तो वाकत नव्हता, आणि हे मला कळायला हवं होतं. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं टर्नर आहे. थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, काम करणारा माणूस आहे. पण बाण किती थाऊ वाकतो हे मोजायचं असतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुरुवात झाली २०२३ च्या ऑगस्टमध्ये. बर्लिनला जागतिक स्पर्धेत आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होता. त्या महिन्यात आमच्या भागातल्या प्रत्येक मैदानावर पोरांची रांग लागली. तायडी तेव्हा तेरा वर्षांची. सरांनी सगळ्या नव्या मुलांना आधी बांबूचं धनुष्य दिलं, ज्याला इंडियन राऊंड म्हणतात ते. बाणही बांबूचे.

ते बाण घासायचं, सरळ करायचं काम हळूहळू माझ्याकडं आलं, कारण आठवड्याला दोन-तीन तरी मोडायचे. आमच्या गावात टोपल्या-सुपं विणणारे एक म्हातारे बाबा आहेत. त्यांच्याकडं मी बांबू मागायला गेलो. त्यांनी आधी मला बसवून घेतलं आणि विचारलं, "काय करायचंय काठीचं?" बाण म्हटल्यावर त्यांनी ढिगातल्या पोकळ काठ्या बाजूला सारल्या आणि मानवेलीच्या, जवळजवळ भरीव अशा बारीक काठ्या काढल्या. "थंडीत तोडलेल्या हायेत, अंधाऱ्या पाखात. कीड लागायची न्हाई." पेर लांब असलेली काठी निवडायची, निखाऱ्यावर गाठ शेकायची, ओल्या फडक्यात धरून हलक्या हातानं सरळ करायची आणि थंड होईपर्यंत दाबून ठेवायची. बुडखा पुढं, शेंडा मागं, म्हणजे वजन टोकाकडं येतं. हे सगळं त्यांनी मला एका दुपारी शिकवलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, काठ्यांचे घेतले.

ते बाण दिसायला देखणे होते. पण सहा बाणांतले दोन नेहमी डावीकडं जायचे, एक उजवीकडं. तायडीनं त्यांच्यावर पेनानं खुणा केल्या होत्या आणि "हा डाव्या अंगाचा" म्हणून ती नेमच थोडा उजवीकडं धरायची. तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतः शोधलेली ही युक्ती होती. मला कौतुक वाटायचं. आज वाटतं, दोष बाणांत आहे हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

२०२४ च्या जूनमध्ये सरांनी तिला रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं, धनुष्य दिलं. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, का नाही, असं पुष्कळांनी विचारलं, कारण अदिती कंपाउंड खेळते. तायडीला रिकर्व्हच हवं होतं, तिच्या मनात ऑलिम्पिक होतं आणि तेव्हा ऑलिम्पिकमध्ये फक्त रिकर्व्ह होतं. धनुष्याबरोबर जुने ॲल्युमिनियमचे आठ बाण मिळाले. त्यांच्यावर छापलेला आकडा होता १६१६. सरांनी सांगितलं, पहिले दोन अंक म्हणजे बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पुढचे दोन म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, थाऊमध्ये. मी खिशातून व्हर्नियर काढला. सोळा भागिले चौसष्ट म्हणजे पाव इंच, बरोब्बर दोन सूत. भिंत सोळा थाऊ. आठही बाणांवर तेच माप आलं. बांबूनंतर ही एकसारखेपणाची गोष्ट बघून मला खरंच भरून आलं, कारण माझं सगळं आयुष्य एकसारखे जॉब काढण्यात गेलंय.

डग ईस्टन नावाच्या अमेरिकन माणसानं १९२२ मध्ये लाकडाचे बाण करायला सुरुवात केली होती. दोन लाकडं कधी सारखी निघत नाहीत याला कंटाळून १९३९ च्या सुमाराला तो ॲल्युमिनियमकडं वळला. हे मी नंतर वाचलं तेव्हा मला तो माणूस आपला वाटला. त्याच्याकडं लाकूड होतं, माझ्याकडं मानवेल, अडचण एकच.

ॲल्युमिनियमवर तायडीचे बाण तीस मीटरला एकमेकांजवळ, छान गटानं बसायला लागले. पण ॲल्युमिनियमला दोन दुखणी. एक म्हणजे ते वाकतं आणि वाकलेलं राहतं. बाण निशाणाच्या बोर्डच्या लाकडी चौकटीला लागला, की नखावर फिरवून बघायचं, थरथरला की सरळ करायचा. मी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून करायचो, पण एकदा वाकलेली नळी पहिल्यासारखी होत नाही, त्याच जागी परत वाकते. दुसरं दुखणं वजनाचं. पुरा बाण वीस ग्रॅमच्या आसपास भरायचा. तीस मीटरला हरकत नव्हती, पण तिच्या वयोगटाला पुढं ६० मीटर मारायचे होते, आणि तेवढ्या हलक्या धनुष्यानं तो बाण ६० मीटरवर न्यायचा तर साइट, म्हणजे नेम धरायची खूण, इतकी खाली न्यावी लागायची, की बाण साइटच्या पिनला घासायला लागला. तेव्हा सर म्हणाले, "आता कार्बन बघा."

आणि मी बघितलं ते फक्त किमतीकडं.

बाजारात खेळाचे चांगले कार्बन शाफ्ट आणि त्याहून निम्म्या किमतीचे शाफ्ट, दोन्ही होते. निम्म्या किमतीच्यांवर झाडाच्या पानांची नक्षी छापलेली. दुकानदार म्हणाला, मजबूत आहेत, लवकर तुटत नाहीत. मजबूत हा शब्द माझ्या धंद्यातला. मी डझन घेतले. त्यांच्या पुढच्या टोकात पितळेचे इन्सर्ट, आत आठ-बत्तीसचे आटे. पॉइंट, म्हणजे बाणाचं टोक, स्क्रूसारखा फिरवून बसवायचा. मला तर ते फारच पसंत पडलं.

ते शिकारीचे शाफ्ट होते. हे मला कळायला दोन महिने आणि अमेरिकेतल्या आतेभावाचा एक फोन लागला. त्याच्या गावात शेजारीपाजारी शरद ऋतूत कंपाउंड धनुष्य घेऊन हरणांच्या शिकारीला जातात. तिथं ते कायद्यानं चालतं, परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, पण बाण जगभरातून येतात आणि जगात विकला जाणारा बराचसा कार्बन शाफ्ट त्या अमेरिकन शिकाऱ्यासाठी बनलेला असतो. ती नक्षी लपण्यासाठी. ते आटे पात्याचं टोक बसवण्यासाठी. शिकाऱ्याचं धनुष्य ६०-७० पाउंडांच्या ओढीचं, अंतर वीस-तीस यार्ड, आणि बाण मुद्दाम जड, कारण त्याला खोल घुसायचं असतं. तो दिवसभर बसून एकच बाण सोडतो आणि तो एक बरोबर लागला पाहिजे, नाहीतर जनावर जखमी होऊन तडफडत फिरतं. म्हणून त्याला ताठ, जाड आणि दणकट शाफ्ट लागतो. शिवाय कंपाउंडची दोरी बोटांनी नाही तर रिलीज नावाच्या खटक्यानं सुटते, त्यामुळं बाण बाजूला फारसा हेलकावत नाही.

माझी पोरगी चोवीस पाउंड ओढत होती. तेही नीट समजून घ्यावं लागलं. लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, २८ लिहिलेलं असतं, पण ते दोरी २८ इंच ओढल्यावर. तायडी २६ इंच ओढते. मी सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावून तिच्या खुणेपर्यंत ओढून बघितलं, अकरा किलो भरलं. म्हणजे चोवीस पाउंडांच्या आसपास. आणि त्या धनुष्यातून मी तिला सत्तर पाउंडांच्या धनुष्यासाठी केलेला बाण सोडायला लावत होतो. एका स्पर्धेत तिला ७२ बाण सोडायचे असतात, आणि बहात्तरही एकमेकांसारखे जावे लागतात. शिकाऱ्याची गरज वेगळी आणि हिची वेगळी. हे मी दुकानात उभा असताना कुणी सांगितलं असतं तर.

"पप्पा, बाण खट् करतोय," असं ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती. मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल. ते वाक्य मला अजून टोचतं. ती खट् म्हणजे बाणाचं मागचं अंग रायझरला, धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला, आपटत होतं.

रिकर्व्हमध्ये दोरी बोटांवरून घरंगळून सुटते, त्यामुळं बाणाच्या मागच्या टोकाला बाजूचा हिसका बसतो. त्याच वेळी दोरी मागून ढकलते आणि पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ लावतं. मधल्यामधे शाफ्ट कमानीसारखा वाकतो. आधी रायझरच्या बाजूला, मग उलट्या बाजूला, मग परत. असा सापासारखा लहरत तो धनुष्याच्या कडेनं निघून जातो आणि मग सरळ होतो. सरांनी मोबाइलवर हळू केलेलं चित्रण दाखवलं तेव्हा मी ते पंधरा-वीस वेळा बघितलं. विहिरीत पाण्यावरून विरोळा जातो ना, हुबेहूब तसा. बाण जर बरोबर वाकत असेल, तर मागची पिसं रायझरपाशी येतात त्या क्षणी तो त्या जागेपासून लांब वळलेला असतो. फार ताठ असेल तर वळतच नाही आणि आपटतो. फार लवचीक असेल तर भलत्या वेळी वळतो. बाण सरळ जाण्यासाठी त्याला वाकावं लागतं. तेही या मुलीच्या, या धनुष्याच्या मापानं.

या वाकण्याला स्पाइन म्हणतात, आणि ती मोजायची रीत ऐकल्यावर मला रात्री झोप आली नाही, कारण ती शंभर टक्के आमच्या शॉपमधली रीत होती. शाफ्ट २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवायचा. बरोबर मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं. किती खाली झुकतो ते थाऊमध्ये वाचायचं. पाचशे थाऊ झुकला, म्हणजे अर्धा इंच, तर तो पाचशेचा शाफ्ट. हजार थाऊ, म्हणजे एक इंच झुकला तर हजारचा. आकडा जितका मोठा, तितका शाफ्ट मऊ. दुकानात मी ४०० बघून "कमी आकडा, हलका असेल" असं समजलो होतो.

पुढच्या रविवारी मी हे मोजायचं हत्यार बनवलं. मॅनेजरसाहेबांना विचारून भंगारातला चॅनेलचा तुकडा घेतला, त्यावर दोन व्ही टेकू बसवले, अंतर २८ इंच. वजनासाठी ५० एमएम जाडीचा लोखंडाचा गोल गट्टू घेतला, ५७ एमएम लांबीला आणला, वर हुक बसवला, मग सराफाच्या काट्यावर तोलून लेथवर थोडाथोडा उतरवत ८८० ग्रॅमवर आणला. सराफ ओळखीचे आहेत, चार फेऱ्या मारल्या तरी रागावले नाहीत. आधी मी डायल गेज लावणार होतो, पण दोन गोष्टी अडल्या. आमचा डायल दहा एमएम चालतो आणि मऊ शाफ्ट पंचवीस एमएम झुकतो. शिवाय डायलची स्प्रिंग शाफ्टला उलटी दाबते आणि माप खोटं येतं. म्हणून उंची मोजायचा हाइट गेज घेतला आणि नुसतं टेकलं-न-टेकलं असं वाचलं.

पहिला ठेवला तो नक्षीवाला कार्बन. झुकला दहा एमएमहून जरासा जास्त, म्हणजे ४०० थाऊ. मग जुना १६१६. सत्तावीस एमएमच्या वर गेला, एक हजार साठ-सत्तर थाऊ. तायडीच्या हाती जो बाण छान चालत होता तो हजाराच्या पुढचा होता, आणि मी तिला दिला होता चारशेचा. अडीचपट ताठ. त्यानंतर मी उठलो, माळ्यावरून बांबूचे चौदा बाण काढले आणि तेही मोजले. सर्वांत ताठ ६२० आणि सर्वांत मऊ १०९०. एकाच बाणाला टेकूवर पाव फेरा फिरवला की आकडा पन्नास-साठनं बदलायचा, गाठ वर की बाजूला यावर. तायडीनं ज्यांच्यावर "डावा" लिहिलं होतं ते दोन्ही ताठ निघाले.

ती शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होती. तिनं वही माझ्याकडं फिरवली आणि काही न बोलता त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

खरेदी दुसऱ्यांदा केली ती अशी घाईनं केली नाही. सरांना घेऊन बसलो. शाफ्ट निवडायला लागतात त्या गोष्टी म्हणजे बोटांवर येणारं वजन, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन. तिन्हीचा परिणाम वाकण्यावर होतो. बाण लांब ठेवला तर तो मऊ वागतो, टोक जड केलं तरी मऊ वागतो. धनुष्य जोरदार झालं तर तोच बाण मऊ पडायला लागतो. तायडी वाढत्या वयाची. सर म्हणाले, जूनपर्यंत ती २८ पाउंडांवर जाईल. आज बरोबर बसणारा शाफ्ट घेतला तर सहा महिन्यांत बदलावा लागेल. म्हणून ९०० चा शाफ्ट घ्यायचा, कापायचा नाही, २९ इंच तसाच ठेवायचा आणि पुढं ११० ग्रेनचा पॉइंट लावायचा. लांबी आणि जड टोक यामुळं आज तो हजाराहून मऊ असल्यासारखा वागेल. जसजशी ताकद वाढेल तसा थोडा थोडा कापत जाऊ. मला हा हिशेब फार आवडला. पोरीच्या शाळेच्या गणवेशाची शिवण आत दुमडून ठेवतात, वाढली की उसवतात, तसंच हे.

ग्रेन हे नाव ऐकून मी विचारात पडलो होतो. मूळ जवाच्या दाण्याचं वजन. एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन. सोनाराच्या गुंजेसारखंच माप आहे, गुंज याच्या दुपटीच्या आसपास. बाणांची दुनिया अजून त्याच मापात चालते.

कुठला कार्बन घ्यायचा हाही प्रश्न होताच. मैदानावर एका मोठ्या मुलाकडं आत ॲल्युमिनियमची नळी आणि वर कार्बनचं वेष्टण असलेले, पिंपासारखे मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते बाण आहेत. या जातीचा एक बाण १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून जगातल्या मोठमोठ्या धनुर्धरांच्या हातात आहे. बारीक असल्यानं वारा कमी लागतो. ७० मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो १२.२ सेंटीमीटर, आणि बाजूच्या वाऱ्यात एवढं अंतर हुकायला वेळ लागत नाही. पण त्या डझनाची किंमत ऐकून मी गप्प बसलो, आणि सरांनीच सांगितलं की या वयात त्याची गरज नाही. सर्वांत चांगला बाण म्हणजे जो मोडला तर पोरगी रडणार नाही आणि बाप रागावणार नाही, असा. आम्ही साधे पूर्ण कार्बनचे, सारख्या व्यासाचे, बारीक शाफ्ट घेतले. सरळपणाची हमी सहा थाऊची. तीन आणि एक थाऊचेही मिळतात, पण तीस-चाळीस मीटरवर तो फरक तिला कळणार नव्हता. तिच्या बाण सोडण्यातच अजून त्याहून जास्त फरक होता.

कापण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण इथं मी जवळजवळ दुसरी चूक करणार होतो. कार्बनला हॅकसॉ लावायचा नाही, पाइप कटर तर अजिबात नाही. धागे फाटतात आणि टोकाशी उभी चीर जाते, जी डोळ्याला दिसतही नाही. एक एमएमचं अब्रेझिव्ह व्हील, जोरात फिरणारं, आणि शाफ्ट हातानं गोल फिरवत हळू कापायचा. मग बारीक पॉलिश पेपरवर टोक काटकोनात घासायचं. धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, मास्क लावायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं. झटकायचं नाही. तो काळा भुगा हातात रुतला की दोन दिवस खाजतं.

पॉइंट बसवायला हॉट मेल्टची, म्हणजे तापवून चिकटवायच्या गोंदाची, काडी. यात मात्र मी एक शाफ्ट घालवला. वाकडा बसलेला पॉइंट काढताना मी सवयीनं गॅसची ज्योत सांध्यावर धरली. लोखंडाला तेच करतो. कार्बनचे धागे ज्यानं चिकटलेले असतात तो राळेसारखा पदार्थ मऊ पडला आणि टोक बोटात चुरगळलं. बाराचे अकरा झाले. गरम करायचं ते पॉइंटचं बाहेर आलेलं टोक, शाफ्ट कधीच नाही, आणि उष्णता आत झिरपायची वाट बघायची.

याहून महत्त्वाचं एक. ॲल्युमिनियमचा बाण खराब झाला की वाकून दाखवतो. कार्बन दाखवत नाही. तो शेवटपर्यंत सरळ दिसतो आणि मग एकदम फुटतो. दुसऱ्या मैदानावर एका मुलाच्या बाणाला बोर्डवर मागून दुसरा बाण लागला होता. बारीक चीर गेली, कुणी बघितली नाही, आणि पुढच्या वेळी सोडताना शाफ्ट धनुष्यातच फुटला. तुकडे त्याच्या हातावर आले. नशिबानं वरवर लागलं, पण अशी कार्बनची कपची धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकते. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे. प्रत्येक बाण बोर्डमधून काढला, की दोन्ही टोकं धरून स्वतःपासून लांब वाकवायचा, फिरवून परत वाकवायचा, मग दोन्ही हातांनी हलका पिळायचा आणि कान द्यायचा. करकर, तडतड, काहीही आवाज आला की तो बाण संपला. मी तो दोन तुकडे करूनच टाकतो, म्हणजे एखादं लहान पोर उचलून वापरणार नाही. तायडी हे इतक्या वेळा करते, की आता घरात पेन्सिलही कानाजवळ धरून वाकवते.

जानेवारीत नवे अकरा बाण तयार झाले. त्यातल्या दोनांना पिसं लावली नाहीत. हे नागडे बाण आणि पिसांचे बाण एकत्र सोडायचे आणि कोण कुठं बसतो बघायचं. पिसं बाणाच्या चुका झाकतात, नागडा बाण झाकत नाही. उजव्या हाताच्या नेमबाजाचा नागडा बाण डावीकडं पडला तर शाफ्ट ताठ आहे, उजवीकडं पडला तर मऊ. १८ मीटरवर आधी सोडले. नागडे दोन्ही पिसांच्या गटापासून चार बोटं उजवीकडं. मऊ. अर्धा इंच कापला. दोन बोटं. पाव इंच अजून. आता जवळजवळ शेजारी. तिथं मी थांबलो, कारण कापलेलं परत जोडता येत नाही, आणि उरलेलं प्लंजरच्या, म्हणजे बाण बाजूनं ज्याला टेकतो त्या बटणाच्या, स्प्रिंगनं साधलं. गंमत अशी, की नक्षीवाले ताठ शाफ्ट सोडून बघितले तेव्हा ते नागडे कधी डावीकडं तर कधी उजवीकडं जायचे. ताठ बाण रायझरवर आपटून उलट दिशेला उडतो आणि मऊ असल्याचं खोटं चित्र उभं करतो. म्हणून आधी पिसांवर टाल्कम पावडर मारून बघावं, कुठं पुसली गेली तर बाण कुठंतरी घासतोय. ते आधी दुरुस्त करायचं, मग डावं-उजवं वाचायचं.

खट् आवाज पहिल्याच दिवशी गेला. तिनं बाण सोडला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा एक सोडला. नुसता दोरीचा आवाज.

फेब्रुवारीत ती ६० मीटरवर गेली. बाणांवर मी एक ते नऊ आकडे टाकले होते आणि ती प्रत्येक फेरीनंतर कुठला आकडा कुठं बसला ते वहीत टिंबांनी काढायची. तीन आठवड्यांनी पान बघितलं तर आठ बाणांची टिंबं मिसळलेली, आणि सात नंबर एकटा, नेहमी डावीकडं वर, एकदोन वीत बाहेर. मी तो मोजला. वजन बाकीच्यांसारखं, दहा मिलिग्रॅमचाही फरक नाही. काचेवर लोळवला, सरळ. स्पाइन ९०५. मला उमजेना. मग बांबूच्या गाठी आठवल्या, आणि मी तो टेकूवर पाव पाव फेरा फिरवत मोजला. ९०५, ८९८, ८८२, ९००. हे शाफ्ट कार्बनचं कापड गुंडाळून बनवतात, आणि गुंडाळी जिथं संपते तिथं एक पदर चढलेला असतो. त्या रेषेवर शाफ्ट जरा ताठ. बाकीच्या आठांत मी नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, कुठंही बसवली होती आणि नशिबानं ती साधारण सारख्या जागी आली होती. सातमध्ये ताठ बाजू नेमकी प्लंजरसमोर आली होती.

नॉक हातानं फिरते. पिसं तीन असतात, म्हणून एक तृतीयांश फेरा फिरवली तरी पिसांची जागा तीच राहते, फक्त शाफ्टची बाजू बदलते. मी ती फिरवली, आणि तायडीला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कंपनीतून सरळ मैदानावर गेलो. ती बोर्डकडून बाण काढून येत होती, हातात वही उघडी.

"पप्पा, तुम्ही सातला काय केलं?"

"का?"

"ओळखूच येईना. आकडा बघून काढावा लागतोय."